निळ्या घोडीची बातमी

अक्केमे, २१ ऑगस्ट १९७७

माझ्या शिंगरा, किलेप,

तू गेलास त्याला आठवडा झाला, पण शेशेनं अजून अंगण झाडू दिलेलं नाही. लांब गेलेल्या पोराच्या पावलांचे ठसे पुसू नयेत म्हणते. मी पाय उचलून चालतेय आपली.

निघताना तू तिच्या कानात जे सांगितलंस ते तिनं अगदी गुपित ठेवलंय हो. फक्त मला सांगितलं, माझ्या कालदारबेकला सांगितलं, शेजारच्या म्हातारीला आणि पोस्टातल्या उल्बिकेला. आपल्या आईच्या तोंडात तीळ भिजत नाही हे तुला पस्तीस वर्षांत कळू नये? एक बरंय, ती नुसतं म्हणते, "माझा किलेप कामावर निघालाय, आपल्या डोक्यावरून जाणार आहे." गावाला वाटतंय तुला विमानावर नोकरी लागली.

आता कामाचं. कालदारबेक दर महिन्याला पाण्याच्या कडेला एक खुंटी ठोकतो, तुला ठाऊक आहे. परवा गेला तर पाणी खुंटीपासून सहाशे पावलं मागं हटलेलं. घरापासून पाण्यापर्यंत आता उंटावरून अर्धा दिवस लागतो. आमच्या डबे भरायच्या कारखान्यात मासा येतो तो रेल्वेनं, दुसऱ्या कुठल्या तरी समुद्रातला, दगडासारखा गोठलेला. आम्ही अराल समुद्राचे कोळी तो मासा डब्यात भरतो. हसावं की रडावं सांग.

गेल्या आठवड्यात सभा झाली. दोन याद्या लागल्यात. इथं राहून कालवा खोदायचा आणि होड्या पाण्यापर्यंत न्यायच्या, त्यांची एक. पूर्वेला डोंगरातल्या तळ्यावर कायमचं जायचं, त्यांची दुसरी. तिथं घर मिळणार, होडी मिळणार. वीसच कुटुंबं नेणार आहेत, आणि एक नोव्हेंबरला यादी बंद.

मी उद्या उठून निघाले असते रे. शेशेचा खोकला तू ऐकलासच. दवाखान्यातल्या बाईनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "वसंतातले मिठाचे वारे सुटायच्या आत हिला इथून हलवा. पुढच्या वसंतात मला बोलवायला येऊ नका, माझ्याकडे औषध नाही." पण शेशे हलायला तयार नाही. म्हणते, "माझा नवरा या पाण्यात बुडाला. पाणी परत येणार असेल तर मी त्याला सोडून कशाला जाऊ? किलेप वरून बघेल. तो म्हणाला गेलं, तर निघू. तो म्हणाला येईल, तर खोदू." आम्ही सगळ्यांनी हात टेकले.

तेव्हा तू बघ आणि लिही. एक ओळ पुरे.

आपल्या शेंडेफळाचं, ओमिर्झाकचं, जूनपासून पत्र नाही. सैन्यानं त्याला पूर्वेच्या टोकाला कुठल्याशा बेटावर ठेवलंय म्हणे. शेशे रोज विचारते. तुला काही कळलं तर कळव.

तुझी आपा, बिबीसारा

*

९ सप्टेंबर १९७७

बिबीसारा आपा,

हे पत्र टपालात टाकत नाही. इथून अरालकडे जाणाऱ्या गाडीच्या गार्डाला दिलंय, तो तुमच्या स्टेशनात उतरवेल. हसू नकोस, पण मी तुमच्यापासून गाडीनं फक्त पाच तासांवर आहे, आणि भेटायला येता येत नाही. आम्हाला काचेच्या बरणीत ठेवलंय, सर्दी होऊ नये म्हणून.

आठ दिवस अंतराळात जाणार, दोघंच जण. चंद्र-तारे बघायला कुणी पाठवत नाहीये मला. सगळं काम तोंड खाली करून. बरोबर सहा डोळ्यांचा एक कॅमेरा आहे, एकाच जागेचे एका वेळी सहा फोटो घेतो, दर वेळी वेगळ्या रंगाच्या उजेडात. कुठली जमीन तहानलेली, कुठलं पीक आजारी, पाणी कुठं खोल नि कुठं उथळ, सगळं त्यात उमटतं. तुझ्या नवऱ्याच्या, माझ्या कालदारबेक जेझदेच्या खुंट्यांपेक्षा बरा हिशेब लागेल. त्याला सांग, छपरावर उभा राहून टोपी हलव. मला दिसणार नाही, पण गावाची करमणूक होईल.

खरं सांगू? चार वर्षांचा होतो तेव्हा लढाईतून वाचवून आणलेल्या पोरांच्या गाडीतून मला तुमच्या फलाटावर उतरवलं. भाषा येत नव्हती. शेशेनं हाताला धरून मला थेट पाण्यापाशी नेलं, तोंड धुतलं आणि म्हणाली, "हा माझा." ग्लेबचा किलेप त्या दिवशी झाला. तेव्हा फलाटावरून पाणी दिसायचं, आठवतं? मला ते वरून बघायचंय.

शेशेला सांग, मी बघेन, आणि जे दिसेल ते सांगेन. शब्द देतो.

ओमिर्झाकची काळजी करू नका. पत्र लिहायच्या बाबतीत तो जन्माचा आळशी आहे.

किलेप

*

अक्केमे, २७ सप्टेंबर १९७७

किलेप,

बघितलं रे आम्ही! दुपारी कपडे वाळत घालत होते, तर पूर्वेला आभाळाच्या कडेला एक उजेडाची रेघ चढताना दिसली, आवाज बऱ्याच वेळानं आला. शेशे म्हणाली, "गेला." संध्याकाळी रेडिओवर तुझं ग्लेब म्हणून नाव घेतलं तर तीच विचारते, "हा कोण आणखी?" मग कळल्यावर जी तळायला बसली ती रात्रीपर्यंत. गावच्या झाडून सगळ्यांनी आमच्याकडे बाऊरसाक खाल्ले. आणि कालदारबेक, पन्नाशीचा घोडा, आठही दिवस सकाळी छपरावर चढून टोपी हलवत होता. नवव्या दिवशी शिडी मोडली.

उतरलास, धडधाकट आहेस, रेडिओनं सांगितलं. आता आमचं सांग.

परवा शहरातून एक वक्ता आला होता. म्हणाला, उत्तरेच्या नद्या वळवून आणणार आहेत, दहा वर्षांत समुद्र पुन्हा फलाटाला लागेल. टाळ्या पडल्या. शेशेनं माझ्याकडे बघितलं, म्हणाली, "हा कुठं वर गेला होता? आपण किलेपचं ऐकू." पाच कुटुंबांनी जायला नावं दिली. आमचं नाव कालदारबेकनं यादीत पेन्सिलीनं लिहून ठेवलंय. तुझं पत्र आलं की शाईनं गिरवायचं, नाहीतर खोडायचं.

काल वारा होता. शेशेच्या रुमालावर खोकल्याबरोबर पांढरं आलं. मीठच ते.

लवकर लिही बाबा.

बिबीसारा

*

१० ऑक्टोबर १९७७

आदरणीय शेशे, प्रिय बिबीसारा आपा,

माझी तब्येत उत्तम आहे. मोहीम पूर्ण यशस्वी झाली. ठिकठिकाणी सत्कार चालू आहेत. काय पाहिलं त्याबद्दल वर्तमानपत्रात येईल तेच खरं, मी वेगळं काही लिहू शकत नाही.

पण शेशे, हे तुझ्यासाठी आहे, आपा तुला वाचून दाखवेल.

आपले वडील गेले तो दिवस मला आठवतो. मी सतरा वर्षांचा होतो. म्हातारा झुमाश आला, टोपी काढून बसला. दोन पेले चहा प्यायला. मग म्हणाला, "वल्हं घरी आलं तर हात कुठं राहिला?" त्यानं दुसरं काही सांगितलं नाही आणि तुला सगळं समजलं. मला आज तसंच सांगायचंय. तोंडानं सरळ सांगायला माझी जीभ रेटत नाही.

शेशे, तुझ्या दाराशी एक निळी घोडी होती. तिच्यावर तुझा जीव होता. मी उंचावरून तिला शोधलं. तिचं दावं तुटलंय. तिची पावलं वाळूवर दिसली, सगळी जाणारीच होती, येणारं एकही नव्हतं. मी पुन्हा पुन्हा पाहिलं. तिला आता कुणीही हाक मारू नका, ती वळणार नाही. मोकळ्या खुंट्यापाशी बसून राहू नका. जे उरलंय त्याला जपा.

मन घट्ट करा.

तुमचा किलेप

*

२५ नोव्हेंबर १९७७

आपा,

तुमचं उत्तर नाही, म्हणजे बांधाबांधीत असाल. हे पत्र तळ्याच्या पत्त्यावरच टाकतोय. पोचलात का? घर कसंय? तिथं वाऱ्यात मीठ नाही ना? शेशेचा खोकला कमी झाला असेल. जेझदेला सांग, गोड्या पाण्यातला मासा हुशार असतो, त्याच्या जाळ्यात फसणार नाही.

मी माझ्या पत्रात फार आडवळणानं बोललो. तुम्हाला समजलं असेलच.

किलेप

(पाकिटावर शिक्का: या नावाचं कुटुंब इथं आलेलं नाही. परत.)

*

अक्केमे, ३ डिसेंबर १९७७

किलेप,

काल सुतकाचा चाळिसावा दिवस झाला. आता लिहिण्याइतका हात चालतोय.

तुझं पत्र मी मोठ्यानं वाचत होते. "झुमाश आला" इथपर्यंत आले आणि शेशेनं पेला खाली ठेवला. तुझी निळी घोडी आली तेव्हा तिनं विचारलं, "ओमिर्झाकचा जन्म कुठल्या वर्षातला?" तिलाच ठाऊक नसतं होय? बारा प्राण्यांच्या फेऱ्यातल्या घोड्याच्या वर्षातला. मग तिनं तोंडातून जो आवाज काढला तो मी वडिलांच्या वेळीसुद्धा ऐकला नव्हता. डोक्यावरचं पांढरं किमेशेक उतरवलं आणि काळा रुमाल बांधला.

मी म्हटलं, शेशे, पत्रात नाव नाहीये. तर म्हणाली, "मरणाची बातमी आडून सांगताना, एस्तिर्तूत, नाव घेतात का कधी? किलेप आता मोठ्या लोकांत बसतो. त्यांनी त्याला सांगितलं असणार, आईला तू कळव म्हणून." जूनपासून पोराचं पत्र नाही. दुसरं काय समजायचं आम्ही? कालदारबेक तालुक्याला जाऊन सैन्याच्या कचेरीत बसला. ते म्हणाले, "आमच्याकडे माहिती नाही." मेलेल्याचीच माहिती नसते, असं सगळे म्हणाले.

एक नोव्हेंबर आला आणि गेला. मी आदल्या दिवशी हळूच विषय काढला. शेशे म्हणाली, "त्याची शवपेटी या दारात येणार. दार बंद दिसलं तर पोरगं कुणाकडे जाईल?" मयताच्या घरात सामान कुणी बांधत नाही. कालदारबेक पेन्सिलीनं लिहिलेलं नाव स्वतः जाऊन खोडून आला. पाच तारखेला वीस कुटुंबं गाडीत बसली. आमच्या जागी तेमिरगालीचं कुटुंब गेलं. कालदारबेक आता कालव्यावर जातो, बर्फात कुदळ मारतो.

पेटी आलीच नाही. रोज गाडीच्या वेळेला शेशे दारात खुर्ची टाकून बसते, त्या वाऱ्यात.

आणि तू? तुझ्यावर माझा राग आहे, तो बोलूनच टाकते. एस्तिर्तू कागदावर पाठवतात का? ती माणसानं यायची असते. आधी चहा घ्यायचा असतो. ऐकणाऱ्याच्या शेजारी कुणाला तरी बसवायचं असतं, पडलं तर सावरायला. झुमाश म्हातारा बर्फातून चाळीस कोस चालत आला होता. तुला पृथ्वीला चकरा मारता आल्या आणि आमच्या दारापर्यंत यायला झालं नाही?

बिबीसारा

*

तार, १४ डिसेंबर १९७७

ओमिर्झाक जिवंत. आज स्वतः फोनवर बोललो. मी त्याच्याबद्दल लिहिलं नव्हतं. पत्र येतंय. किलेप

*

१५ डिसेंबर १९७७

आपा, शेशे,

तुमचं पत्र वाचून मी जिन्यातच बसलो. तुमची सून रिम्मा बाहेर आली तर तिला वाटलं मला झटका आला.

ओमिर्झाकला कावीळ झाली होती. बेटावरच्या दवाखान्यात वेगळं ठेवलं होतं, तिथून पत्रं बाहेर सोडत नव्हते. दोन दिवस फोनवर फोन केले तेव्हा त्याला बोलावलं. म्हणतो, "किलेप आगा, तू वरून चॉकलेट का नाही टाकलंस?" बारीक झालाय म्हणे, पण बरा आहे.

शेशे, घोडी म्हणजे समुद्र. तुम्ही समुद्राचं विचारलं होतंत, मी समुद्राचं उत्तर दिलं. मला वाटलं, पत्र उघडून वाचणाऱ्याला ही घरगुती गोष्ट वाटेल आणि तुम्हाला बरोबर कळेल. तुमच्या घरातला एक पोरगा लांब आहे, त्याचा पत्ता नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पस्तीस वर्षं तुमचं मीठ खाल्लं, आणि एस्तिर्तू फक्त माणसाची असते एवढं शिकलो नाही.

आता सरळ लिहितो. कुणाला वाचायचं त्यानं वाचावं.

मी पाचव्या दिवशी तुमच्या वरून गेलो. आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं. नदी मी वरपासून धरली आणि तिच्या मागं मागं आलो. दोन्ही काठांना कापसाचे हिरवे चौकोन, एकाला एक लागून, आणि नदी दर चौकोनाला बारीक होत होत शेवटी वाळूत संपली. समुद्रापर्यंत आलीच नाही. मी कमांडरला म्हटलं, "नकाशा चुकलाय." तो म्हणाला, "नकाशा जुना आहे."

ताकाची वाटी उन्हात ठेवली की कडेनं पांढरं राहतं ना, तशी कड सगळ्या समुद्राभोवती होती. आमच्या नकाशावर जिथं बारा वाव पाणी दाखवलंय तिथं मला तळ दिसला. आणि आपल्या किनाऱ्यावरून एक पांढरा पट्टा उठलेला, धुरासारखा, लांबच लांब. मला आधी ढग वाटला. सावली पडेना म्हणून पुन्हा बघितलं. मीठ होतं ते. त्याच्या खाली अक्केमे होतं, शेशे, आणि त्यात जेझदे छपरावर टोपी हलवत असणार. मी आठ दिवसांत तो पट्टा तीनदा पाहिला. सहाच्या सहा डोळ्यांनी फोटो घेतले.

उतरल्यावर ते फोटो मोजले. मी मोजणाऱ्याच्या शेजारी बसलो होतो. पाणी परत येत नाही, शेशे. तुझ्या हयातीत नाही, माझ्याही नाही. कालवा खणून काही उपयोग नाही.

हे सगळं दहा ऑक्टोबरला एका ओळीत लिहिता आलं असतं. "निघा." एवढंच. बोलू नका असा हुकूम होता, हे खरं. पण मोडला असता तर मला कुणी तुरुंगात टाकलं नसतं. पुढच्या उड्डाणाच्या यादीत माझं नाव होतं, ते गेलं असतं. त्या नावासाठी मी घोडीची गोष्ट रचली. रचताना स्वतःवर खूशही झालो होतो, कसं छान आडून सांगितलं म्हणून.

चार दिवस रजा काढून येताही आलं असतं. आपा, तू म्हणतेस ते खरंय.

किलेप

*

अक्केमे, १२ जानेवारी १९७८

किलेप,

तार घेऊन उल्बिके रस्त्यानं ओरडत आली, "शुयिंशी! शुयिंशी! चांगली बातमी, आधी बक्षीस काढा!" शेशेनं अंगातलं लांडग्याच्या कातड्याचं जाकीट तिथल्या तिथं काढून तिला दिलं, वडिलांनी केलेलं ते. तार ऐकली. हसली, रडली, उल्बिकेचे मुके घेतले. मग एकदम माझ्याकडे वळली आणि विचारलं, "मग मेलं कोण?"

तुझं पत्र येईपर्यंत नऊ दिवस ती हाच प्रश्न विचारत होती. जेवताना, झोपताना. "किलेप खोटं बोलायचा नाही. त्यानं कुणाचं तरी सांगितलंय."

पत्र मी दोनदा वाचलं. सगळं. यादीतल्या नावाचंसुद्धा. मला वाटलं आता ती तुला शिव्या देईल, मी तयारच बसले होते साथ द्यायला. ती म्हणाली, "पोरानं बरोबरच सांगितलं होतं. आपण माणूस शोधत बसलो."

काळा रुमाल तिनं सोडला नाही. दुसऱ्या दिवशी कालदारबेकला उंटाला खोगीर घालायला लावलं आणि त्याच्या सगळ्यात जुन्या खुंटीपाशी जाऊन बसली. जिथून वडिलांची होडी निघायची तिथं. पाण्याकडे तोंड करायचं तर पाणी कुठं आहे? पांढऱ्या जमिनीकडे तोंड करून तिनं गळा काढला. नवऱ्यासाठी म्हणतात ते सगळं म्हटलं. मला पोसलंस, माझी पोरं पोसलीस, परक्याचं पोर तुझ्या पाण्यानं धुऊन माझं केलंस, असं म्हणत होती. कालदारबेक इतका मोठा माणूस, उंटाआड तोंड घालून रडला. मग कुदळ घेतली, घरी आला, आणि दुसऱ्या दिवसापासून कालव्यावर गेला नाही.

मी शेशेएवढ्या मोठ्या मनाची नाही. तुझा हार घातलेला फोटो मी भिंतीवरून काढला होता. तिनं परत लावला. पण तुला सांगून ठेवते, त्याच्याखालून जाताना मी बघत नाही.

तळ्याची यादी भरली आहे. नवी पुढच्या शरदात निघेल म्हणतात. ओमिर्झाकचं पत्र आलं, अक्षर वाकडं. शेशेनं ते उशाखाली ठेवलंय. खोकल्यात आता रात्र जात नाही तिची. वारे मार्चच्या शेवटी सुरू होतील.

बिबीसारा

*

२० फेब्रुवारी १९७८

आपा,

शेशेला माझ्याकडे आणायचं ठरवलंय. इथल्या दवाखान्यात छातीच्या डॉक्टरांशी बोललोय. खाट मेमध्ये मिळेल, त्याआधी नाही. इथं राहायला तिला परवाना लागतो, त्याचे कागद तीन ठिकाणी फिरतायत. मी रोज जाऊन बसतो. मला आता भरपूर वेळ आहे. पुढच्या यादीतून माझं नाव गेलं. माझं सरळ पत्र कुणीतरी वाचलंच. एवढंच होणार होतं, तर ऑक्टोबरातच व्हायला हवं होतं.

फोटो मोजून मी एक अहवाल लिहिला, समुद्राचा, मिठाच्या पट्ट्याचा, अंतरांसकट. तो घेतला, शिक्का मारला, कपाटात ठेवला. विचारायला गेलो तर म्हणतात, "चांगला लिहिलाय."

सोबत ओरेनबुर्गची शाल पाठवतोय, अंगठीतून जाते अशी. शेशेला सांग, तोंडावरून घे, मीठ गाळलं जाईल तिच्यातून. एप्रिल तेवढा निभावून न्या. एक मेला मी स्वतः येतो. या वेळी पत्र नाही, मी येतो.

तिला विचार, माझ्यावर राग आहे का.

किलेप

*

अक्केमे, २४ एप्रिल १९७८

माझ्या शिंगरा, किलेप,

हे पत्र टपालानं आलेलं नाही. कालदारबेक तीन दिवस रेल्वेत बसून ते हातानं घेऊन आलाय आणि तुझ्या दारात उभा आहे. तू एक मेला निघणार, त्याच्या आत त्यानं पोचायला हवं होतं. दाराशीच वाचत असशील तर वाचत वाचतच त्याला आत घे.

राग आहे का, तू विचारलं होतंस. मी तिला विचारलं. म्हणाली, "घोडीवर कुणी रागावतं का दावं तुटलं म्हणून? आणि किलेप तर माझं शिंगरू." तुझी शाल तिला फार आवडली. अठरा दिवस अंगावरून काढली नाही, झोपतानासुद्धा नाही. आम्हीही काढली नाही. दुसरी पाठवू नकोस.

कागदपत्रं फिरतायत त्यांना आता फिरू दे. खाट दुसऱ्या कुणाला देऊन टाक.

तुझा फोटो भिंतीवर आहे. मी आता बघते त्याच्याकडे.

आता नीट ऐक. आपल्यात कसं करतात ते तुला तेव्हा कुणी शिकवलं नाही, मी आज शिकवते. कालदारबेकला काही विचारू नकोस. त्याला बसायला दे. बूट त्याचे ओले असतील, ते चुलीपाशी ठेव. रिम्माला हाक मार आणि तुझ्या शेजारी बसव, अगदी जवळ. चहात दूध घाल, तुमचा काळा चहा त्याला जात नाही. तो दोन पेले पिईल. दुसरा पेला आडवा करून ठेवेल, आणि मग बोलेल. त्याला बोलता येत नाही, तू ओळखतोस त्याला, सगळं आयुष्य माशांशी बोलण्यात गेलं. पण मी चार दिवस त्याला घोकून घ्यायला लावलंय. मध्ये थांबला तर थांबू दे, तू वाक्य पुरं करू नकोस.

आणि या वेळी वेगळा अर्थ लावत बसू नकोस, किलेप. या वेळी समुद्राचं नाही, माणसाचंच आहे.

आता पत्र खाली ठेव आणि त्याला चहा ओत.

तुझी आपा, बिबीसारा